घरापासून दूरची शाळा

शिरूरला, म्हणजे आपल्या घोडनदीला, पूर्वी इंग्रजांच्या फौजेची छावणी होती. कर्नल वॉलेस नावाचे एक इंग्रज अधिकारी १८०९ साली तिथे वारले. त्यांची कबर शिरूरलाच आहे. पुढे दौंडला रेल्वे आली. १८७८ साली दौंड-मनमाड लाइन सुरू झाली आणि दौंड मोठे जंक्शन झाले.

फौजेतल्या गोऱ्या शिपायाची आज इथे, तर उद्या तिथे बदली. लढाईत किंवा तापाने तो मेला, तर त्याची पोरे उघड्यावर पडत. रेल्वेच्या ड्रायव्हरचे, गार्डाचेही तसेच. चार दिवस घरी, चार दिवस गाडीवर. मग त्यांच्या मुलांनी शिकायचे कुठे?

या अडचणीतून एका प्रकारच्या शाळा निघाल्या. मुलांनी तिथेच राहायचे, तिथेच जेवायचे आणि तिथेच शिकायचे. अशा शाळेला आपण बोर्डिंगची शाळा म्हणतो. अशीच एक जुनी शाळा नाशिकजवळ देवळालीला आहे. तिचे नाव बार्न्स स्कूल. दौंडहून मनमाडला जावे, तिथे मुंबईची गाडी धरावी. नाशिक रोड गेले की देवळाली येते.

शाळा कोणी काढली?

जॉर्ज बार्न्स हे मुंबईचे एक ख्रिस्ती धर्माधिकारी होते. ते अँग्लिकन पंथाचे. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चला मानणारे ख्रिस्ती. हे लोक रोमच्या पोपची सत्ता मानत नाहीत. १९७० साली नागपूरला अँग्लिकन आणि आणखी काही पंथ एकत्र आले. त्यांचे मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले.

१८१५ साली बार्न्स यांनी मुंबईत गरिबांच्या शिक्षणासाठी एक संस्था काढली. गरीब म्हणजे मुख्यतः गोऱ्या लोकांची गरीब आणि पोरकी मुले. संस्थेची शाळा पुढे भायखळ्याला भरू लागली. तिथे मुले होती, तशा मुलीही होत्या. शंभर वर्षांनी मुंबईत गर्दी फार झाली. तेव्हा १९२५ साली शाळा देवळालीच्या मोकळ्या हवेत गेली.

या संस्थेचे आपल्यावरही एक ऋण आहे, बरं का. १८२० साली तिने इथल्या मुलांच्या शाळांसाठी आणि पुस्तकांसाठी एक कमिटी नेमली. दोनच वर्षांत त्या कमिटीची वेगळी संस्था झाली. तिने मराठी शाळांसाठी पुस्तके छापली. सदाशिव काशिनाथ छत्रे तिचे काम पाहत. त्यांनीच इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या. कोल्ह्याची आणि द्राक्षांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती आपल्या शाळांत आली ती अशी.

दिवस कसा जातो?

अशा शाळेत दिवस टोलावर चालतो. पहाटे टोल पडला की उठायचे. आपले अंथरूण आपणच नीट करायचे. आंघोळ, न्याहारी आणि मग प्रार्थना. जेवायच्या आधी देवाचे आभार मानायचे. दिवसभर वर्ग, संध्याकाळी खेळ. रात्री सगळ्यांनी मिळून अभ्यासाला बसायचे. ठरल्या वेळी दिवे मालवायचे. साहेबाचा मुलगा असो की गार्डाचा, टोल सगळ्यांना एकच.

काही मुले जवळच्या वस्तीतून येतात आणि संध्याकाळी घरी जातात. त्यांना डे स्कॉलर म्हणतात. तिथेच राहतात ते बोर्डर. वर्गात आणि मैदानात दोघे एकत्रच असतात.

सगळ्या मुलांचे तीन-चार गट पाडतात. गटाला ‘हाऊस’ म्हणतात. हाऊस म्हणजे घर. आपल्या घरासाठी धावायचे, आपल्या घरासाठी खेळायचे. वर्षाअखेर जे हाऊस पुढे येईल त्याला ढाल किंवा कप मिळतो. मोठ्या मुलांतून पुढारी निवडतात. लहानांना सांभाळणे हे त्यांचे काम. नाताळाच्या सुट्टीआधी सगळे जमून नाताळाची गाणी म्हणतात.

“पोरं-पोरी एकत्र? हे कसं चालतं?” असे कुणी विचारेल. वर्ग एकत्र असतात. राहायच्या जागा मात्र वेगळ्या असतात. मुलींच्या जागेवर बाई देखरेख ठेवतात. गणित मुलांना जेवढे, तेवढेच मुलींना. पळण्याची शर्यत मुलांना, तशी मुलींनाही.

दार कोणाला उघडे?

खरे सांगायचे तर या शाळा पूर्वी आपल्यासाठी नव्हत्या. गोऱ्यांची आणि अँग्लो-इंडियन लोकांची मुले तिथे शिकत. ज्यांच्या घराण्यात बापाकडून युरोपी रक्त आले, ते अँग्लो-इंडियन. शेतकऱ्याच्या पोराला तिथे कोण घेणार?

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. पुष्कळ अँग्लो-इंडियन कुटुंबे परदेशी गेली. १९५० साली आपले संविधान लागू झाले. अँग्लो-इंडियन शाळांना आणखी दहा वर्षे सरकारी मदत द्यायची असे त्यात ठरले. पण एक अट होती. दर वर्षी शंभरातल्या निदान चाळीस जागा इतर समाजांच्या मुलांना खुल्या ठेवायच्या. अशी दारे उघडत गेली. आज बार्न्स स्कूलमध्ये सगळ्या धर्मांची मुले शिकतात.

संविधानात आणखी एक गोष्ट आहे, ती ध्यानात ठेवा. शाळेला सरकारची मान्यता असेल किंवा मदत असेल, तर तिथल्या धर्माच्या प्रार्थनेला मुलाला बळेच बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर आईबापाची संमती लागते. ही संमती कागदावर घेतात. तेव्हा शाळेचा फॉर्म आधी वाचा आणि मग सही करा.

आपल्या मातीतली बोर्डिंगे

अशा शाळेचा खर्च मोठा. तो सगळ्यांना झेपत नाही. पण मुलांनी एकत्र राहून शिकायला मोठी इमारतच लागते असे नाही. देवळालीच्या शाळेच्या एकच वर्ष आधी, १९२४ साली, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्याला बोर्डिंग काढले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत. ती स्वतः पाणी भरत, स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. एकदा पोरांना खायला घालायला पैसा उरला नाही. तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्र विकले. १९२७ साली महात्मा गांधी आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगला शाहू महाराजांचे नाव दिले.

देवळालीला टोल होता, साताऱ्याला पाण्याची घागर होती. शिकवण एकच. वेळ पाळावी, आपले काम आपण करावे, शेजारच्या अंथरुणावर कोण झोपतो याची जात विचारू नये.

हे आपल्याला का ठाऊक हवे? आपल्याकडे ऊसतोडीला कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडतात. पोरे बरोबर जातात आणि शाळा बुडते. मुलांना राहण्यासाठी सरकारी वसतिगृहे आहेत. पोराला फडावर न्यायचे, की वसतिगृहात ठेवायचे? हा निर्णय सोपा नाही. आईचा जीव तुटतो. लहान पोर रात्री रडते. म्हणून आधी स्वतः जाऊन जागा बघा. जेवण कसे आहे, आजारपणात कोण बघते, मुलींच्या जागेवर बाई आहेत का, हे विचारा. मुलालाही विचारा.

शेवटी पत्राची गोष्ट

बोर्डिंगच्या शाळांत एक जुनी चाल आहे. आठवड्यातून एकदा, बहुधा रविवारी, मुलांनी घरी पत्र लिहायचे. आज फोन आहेत. तरी पत्राची गोडी वेगळी. फोनवर पोर म्हणते, “मी बरा आहे,” आणि गप्प होते. कागदावर मात्र ते हळूहळू मोकळे होते. भाजी आवडत नाही, मित्र मिळाला, रात्री भीती वाटते.

पूर्वी आपल्या किती आयांना असे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे! वाचणारा घाईत असे. चारचौघांत पोराचे दुःख विचारायचे तरी कसे? पत्र घडी घालून डब्यात जाई.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तुमचे मूल दूर शिकायला गेले, तर त्याचे पत्र तुम्ही स्वतः वाचाल. दोनदा वाचाल. आणि उत्तरही स्वतःच्या हाताने लिहाल. अक्षर वाकडे आले तर येऊ द्या. मूल ते ओळखील.