अंतरपाटाचा उजेड

ताईच्या लग्नाचा अल्बम मी किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही. त्यात सगळे फोटोवाल्याकडे बघत उभे, डोळे विस्फारलेले, मागे भिंतीवर फ्लॅशची काळीकुट्ट सावली. एकच फोटो वेगळा. ऐन वेळी फ्लॅशचे सेल उतरले म्हणून गडी चरफडत असणार, पण उजेड होता तसा घेतलेला तो एक फोटो जिवंत आहे. नवरीच्या मागे आई पदराने नाक पुसतेय, आणि आपल्याकडे कोणी बघतंय हे तिच्या गावीही नाही. गेली तीस वर्षं मी तसा फोटो काढायच्या मागे लागलोय.

शोधता शोधता गाडी थेट बर्लिनला पोचली. एरिख सॉलोमन, जन्म १८८६, कायद्याचा डॉक्टर, चाळिशी ओलांडल्यावर कॅमेऱ्याच्या नादी लागलेला. त्याचा एर्मानॉक्स कॅमेरा चिमुकला, पण भिंग त्या काळात राक्षसी, एफ २च्या घरातलं. दिव्यांच्या उजेडात फ्लॅशशिवाय फोटो निघायचे. प्लेटा मात्र काचेच्या, एक झाली की दुसरी बसवायची. म्हणजे आपल्यासारखा धडाधड दीडशे फोटो काढून त्यातला एक निवडायचा चैनीचा मामला नव्हता. १९२८ साली तर त्याने कॅमेरा लपवून कोर्टातले खटले टिपले. ‘कॅन्डिड कॅमेरा’ हे नाव त्याच्या फोटोंना लंडनच्या ‘द ग्राफिक’ने दिलं. मला त्याची सगळ्यात आवडणारी गोष्ट कपड्यांची. मुत्सद्द्यांच्या मेजवानीत तो मुत्सद्द्यांसारखाच नटूनथटून जाई. आपल्याकडे खिशाखिशाची जाकिटं घालून मांडवभर फिरणारी चौघा फोटोवाल्यांची टोळी पाहिली की मला सॉलोमन आठवतो. फेटा बांधा, पंगतीत बसा, चार जणांना वाढा. तासाभरात तुमच्याकडे कोणी ढुंकून बघणार नाही. १९४४ साली नाझींनी ऑशविट्झमध्ये सॉलोमनचा जीव घेतला.

पण बर्लिनच्या दिवाणखान्यातली विद्या आमच्या बाळापुरात जशीच्या तशी चालत नाही. आपलं लग्न मे महिन्यातलं. २३-२४ मेच्या आसपास दुपारी बारा-वीसला सूर्य इथे थेट टाळूवर असतो, सावली पायाखाली. मुहूर्त अकराचा छापलेला, लग्न लागतं साडेबाराला. त्या उन्हात नवरदेवाच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. वर मांडवाचं कापड लाल-पिवळं असलं तर अख्खं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं! हा रंग नंतर संगणकावर पुरता निघत नाही, कारण एका गालावर कापडातला लाल उजेड असतो आणि दुसऱ्यावर उघड्या बाजूचा पांढरा. तेव्हा आदल्या दिवशी यजमानांना गाठून बोहल्यावर तेवढं पांढरं कापड लावून घ्यावं. हे महागड्या लेन्सपेक्षा स्वस्त पडतं.

उजेड डोक्यावरून नको, बाजूने हवा. हे शिकायला गावातली मिर्झाराजे जयसिंगांची नदीकाठची छत्री पुरेशी आहे. पंचवीस फूट चौरस, तेहतीस फूट उंच, काळ्या दगडाची. भाच्याला मी एकदा भर दुपारी तिथे नेलं. मधोमध उभा केला तर चेहरा मलूल. कडेला, बाहेर तोंड करून उभा केला की डोळ्यांत उजेडाचा ठिपका आला. तो वैतागून म्हणाला, “काढ ना मामा, काहून फिरवून राह्यला मले?” घराची ओसरी, माजघराचं दार, रुखवताशेजारची खिडकी, सगळीकडे हेच गणित. नवरीला तयार करणाऱ्या बायका आपोआप दाराशी सरकतात, कारण त्यांनाही दिसायला हवं असतं.

आणि अंतरपाट. तो पांढरा कपडा वधूवरांच्या नाकासमोर हातभर अंतरावर धरलेला असतो. त्याच्यावर बाजूने उजेड पडला की तो दोघांच्या चेहऱ्यांवर परततो. मंगलाष्टकं चालू असताना नवरी उजळ दिसते ती थोडी त्या कापडामुळे. इथे ऑटोवर ठेवलेला कॅमेरा फसतो. कापडाचा पांढरेपणा बघून तो सगळंच काळवंडून टाकतो, आणि अंतरपाट खाली येताच भलतंच माप घेतो. म्हणून माप आधीच, हाताने, चेहऱ्यावर घ्यावं. कापड गेल्यावर चेहरा किंचित उतरतो, तेवढी सूट ठेवावी. अक्षता हवेत थांबवायच्या तर सेकंदाचा पाचशेवा भाग, त्यासाठी आयएसओ सोळाशेवर गेला तरी जाऊ द्यावा. दाणे उमटलेला फोटो चालतो, हललेला चालत नाही. आणि ‘शुभ मंगल सावधान’ शेवटचं कधी येणार हे ज्याला कानाने कळतं, त्याने निम्मा फोटो काढलाच. ज्याला ते कळत नाही तो ‘परत एकदा टाका अक्षता’ म्हणतो, आणि लोकही टाकतात!

गोरज मुहूर्ताचं लग्न हाती आलं तर देव पावला म्हणायचं. मेच्या मध्यात इथे सूर्य सातला पाच कमी असताना मावळतो. आधीचा अर्धा तास उजेड आडवा येतो, धूळ सोन्यासारखी दिसते. फक्त नवरदेवाची वरात वेळेत पोचली पाहिजे, आणि ती पोचत नाही.

ताईचा तो फोटो परवा भिंगाखाली धरला. उजेड डावीकडून, गोठ्याच्या बाजूने येतोय. अंतरपाट नुकताच खाली आलाय, त्याचं एक टोक अजून भटजींच्या मुठीत आहे.