आधी कागदावर, मग सागावर

भिंतीवर जुनं वर्तमानपत्र चिकटवलेलं असतं. पॉलिशवाला स्प्रे गनच्या तोंडाची टोपी पाव फेरा फिरवतो, म्हणजे एरवी उभा पडणारा फवारा आडवा पडतो, आणि हात न हलवता घोडा दाबून धरतो. कागदावर आडवा पट्टा उमटतो, भिजतो, जड होतो आणि त्यातून ओघळ खाली धावतात. त्याला हे ओघळच बघायचे असतात. सगळे सारख्या लांबीचे उतरले तर गन जुळली. मधले लांब आणि कडेचे आखूड असतील तर माल घट्ट आहे किंवा जास्त सुटतोय, नाहीतर हवा कमी पडतेय. पट्टा डमरूसारखा कमरेत बारीक झाला, तर हवा जास्त किंवा माल फार पातळ.

लाकडावर एक थेंबही पडण्याआधीची ही दहा मिनिटं मला या यंत्राचा गाभा वाटतात. घाईच्या कामात नेमकी तीच गाळली जातात.

पॉलिशच्या थराला आपल्याकडे ‘हात’ म्हणतात. सीलरचे दोन हात, वर मेलामाइनचा एक. लाख आणि स्पिरिटचं पॉलिश कापडाच्या बोळ्यानं घासत तेव्हा हा शब्द शब्दशः खरा होता. गन आल्यावरही कारागीर ‘हात’च मोजतात, आणि ते बरोबरच आहे.

गनचा वंश दवाखान्यातला. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात डॉ. ॲलन डीव्हिलबिस यांनी 1888च्या सुमारास घशात औषध फवारायचं उपकरण बनवलं. त्यांचा मुलगा थॉमस यानं 1907मध्ये त्याच तत्त्वावर रंगाची गन घडवली. पण तिच्याशिवाय अडावं अशी वेळ आली ती 1923नंतर, ड्यूपाँ कंपनीचं ‘ड्युको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारींवर चढू लागलं तेव्हा. ते इतक्या झटपट वाळायचं की ब्रशचे फराटे मिटायला वेळच मिळत नसे. फर्निचरवरचं एनसी लॅकर याच घराण्यातलं.

गनमध्ये मुख्य भाग तीनच: सुई, तिचं टोक बसण्याची नोझल आणि पुढची हवेची टोपी. घोडा अर्धा ओढला की नुसती हवा सुटते. आणखी ओढला की सुई मागे सरकते आणि माल हवेत शिरून फुटतो. लाकडाच्या कामाला 1.3 ते 1.8 मिलिमीटरची नोझल चालते. माल किती पातळ करायचा ते बी-4 कपानं मोजतात. कप भरायचा, तळाच्या भोकातून सलग धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. वीसच्या आसपास आले तर बहुतेक लॅकरना ठीक. थिनर अंदाजानं ओतण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण सकाळच्या गारव्यात घट्ट असलेला माल दुपारी आपोआप पातळ होतो.

दाबाचा आकडा टाकीवर बघू नये. टाकीवर पन्नास पौंड दिसत असले तरी लांब, बारीक पाइपातून जाताना त्यातले दहा-पंधरा सहज गळतात. घोडा दाबलेला असताना गनच्या मुठीपाशी जो आकडा येतो, तो खरा. आणि घोडा दाबल्यावर काटा खाली खाली जातच राहिला, तर दोष गनचा नसून कॉम्प्रेसर लहान पडतोय.

आता पाणी. हवा दाबली की तापते आणि तिच्यातली वाफ टाकी ओलांडून पुढे जाते. पाइपात गार झाल्यावर तिचं पाणी होतं. म्हणून पाणी गाळणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटवून उपयोग नाही, तो गनच्या बाजूला हवा. हे मी नुकसान सोसून शिकलो. पण कोकणातल्या जुलैत फिल्टरही पुरा पडत नाही. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता ओढून घेतो, गार झालेल्या थरावर हवेतलं बाष्प दव धरतं आणि काळसर सागावर पांढुरकी साय चढते. रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारा थिनर, घातला तर थर इतका गारठत नाही. संततधार लागली असेल तर मात्र काम दोन दिवस थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गिऱ्हाइकानंही ते ऐकावं.

मग खरा हात. गन लाकडापासून आखडत्या वितीवर, सहा ते आठ इंच. मनगट वळवलं की फवारा कमानीत फिरतो, मध्ये माल साचतो आणि टोकं कोरडी राहतात. म्हणून खांद्यापासून सगळा हात सरळ न्यायचा. कडेच्या आधी चाल सुरू, मग घोडा. कड ओलांडल्यावर घोडा सोडायचा. प्रत्येक पट्ट्यानं आधीच्याचा अर्धा भाग झाकायचा.

एका गोष्टीचा मला राग येतो. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, मारताना नाकाला रुमाल बांधलेली मुलं मी पाहिली आहेत. पीयूच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोड्या वासानंही उसळतो. रुमाल वाफ अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क सर्वांत चांगला. निदान कार्बनच्या डब्यांचा तरी हवाच. लाखभर रुपयांचं फर्निचर करून घेणाऱ्यानं मास्कचे पैसे हिशेबात धरावेत.

कधी पट्टा चंद्रकोरीसारखा एका बाजूला झुकतो. तेव्हा टोपी अर्धा फेरा फिरवून पुन्हा कागदावर मारायचं. कोर उलटली तर कचरा टोपीत, तशीच राहिली तर नोझलमध्ये. काढताना तार घालायची नाही. पितळेचं भोक एका ओरखड्यानं कायमचं बिघडतं. थिनरमध्ये भिजवलेली दात कोरायची काडी हळूच फिरवायची, फुंकर मारायची आणि कागद बदलायचा.