सुक्या कचऱ्यातला पारा

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या सोसायटीच्या सुक्या कचऱ्याच्या गोणीतून जुन्या ट्यूबलाइट डोकावू लागतात. गोणी गाडीत चढवताना एखादी फटकन फुटते, पांढरी पूड उडते आणि कचरा नेणाऱ्या मावशी नाकाला पदर लावतात. त्या पुडीत आणि वाफेत पारा असतो. एका ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅमच. पण मावशी अशा किती गोण्या उपसतात!

आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवल्यामुळे मला याकडे काणाडोळा करता येत नाही. पारा गिळला गेला तर बहुतेक तसाच बाहेर पडतो. खरी भीती श्वासाची. साध्या खोलीतही त्याची वाफ होते आणि श्वासातून आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे 80 टक्के शरीरात राहते; मेंदू आणि मूत्रपिंडांना त्याचा त्रास होतो. थर्मामीटर फुटला की आपला हात आधी झाडूकडे जातो. तो घेऊ नका, थेंब आणखी पसरतात. व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, जाड पुठ्ठ्याने थेंब गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने टिपा आणि सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. हो, त्याआधी अंगठी-बांगड्या काढा. पारा सोन्याला धरतो.

शिसं इन्व्हर्टरच्या बॅटरीत, जुन्या टीव्हीच्या काचेत आणि जुन्या ऑइलपेंटच्या खपल्यांत असतं. रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे 2017 मध्ये लागू झाली, तेव्हा त्याआधी रंगवलेलं दार कोरडं घासू नका. लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषतात आणि त्याची सुरक्षित अशी पातळीच नाही. जुन्या रिचार्जेबल सेलमधलं कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षं ठाण मांडतं.

‘जाळून टाका की!’ असं सभेत कुणीतरी म्हणतंच. धातू जळून नाहीसा होत नाही. पारा धुरावाटे जातो, शिसं बरंचसं राखेत उरतं.

ट्यूब, सेल, फुटलेले थर्मामीटर, रंगाचे डबे वेगळे द्यायचे, हे घनकचरा नियमांतच आहे. सोसायटीच्या फाटकाशी त्यासाठी तिसरा डबा ठेवा आणि तो कुठे पोचवायचा, हे वॉर्ड ऑफिसला विचारा. तोवर जुनी ट्यूब नव्या ट्यूबच्या खोक्यात घालून मावशींच्या हातात द्या, आणि आत काय आहे ते त्यांना सांगा.