वर्गणीवांचून उपग्रह-दूरदर्शन

आमच्या शेजारचे एक वृद्ध शेतकरी गेल्या वर्षीं मजकडे एक कागद घेऊन आले. त्यांच्या घरीं ‘डीडी फ्री डिश’ची तबकडी आहे. पावसाळ्यांत निम्म्या वाहिन्या दिसेनाशा झाल्या, तेव्हां तालुक्याच्या एका दुकानदारानें “मुदत संपली, वार्षिक नूतनीकरण केलें पाहिजे” असें सांगून त्यांजकडून सहाशें रुपये घेतले व पावती म्हणून तो कागद दिला. त्यावर ना क्रमांक, ना शिक्का, ना खात्याचें नांव. महसूल खात्यांत जन्म घालविल्यामुळें पावती दिसली कीं माझी नजर प्रथम क्रमांकाकडे जाते. आदल्या वर्षींहि त्यांनीं असेच पैसे भरले होते. ज्या सेवेस मुळांत वर्गणीच नाहीं, तिचें नूतनीकरण कसलें?

ही सेवा प्रसार भारती ह्या सार्वजनिक संस्थेची आहे. डिसेंबर २००४ मध्यें ती ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ह्या नांवानें ३३ वाहिन्यांनिशीं सुरू झाली. हल्लींचें नांव मागाहून पडलें. खर्च कोण सोसतो, ही शंका रास्त आहे. खासगी वाहिन्यांचे चालक तींत जागा मिळविण्यासाठीं लिलावांत बोली करितात व ती रक्कम प्रसार भारतीस भरितात. त्यांची भरपाई जाहिरातींतून होते. बाजारांत गाळ्याचें भाडें दुकानदार देतो, गिऱ्हाइकास आंत शिरण्यास पैसे पडत नाहींत, तशांतला हा व्यवहार. पाहणाऱ्याचा खर्च एकदांच: तबकडी, तिच्या मुखाशीं बसणारा एलएनबी, तार व सेट टॉप बॉक्स. कांहीं नव्या टीव्हींत बॉक्सचें काम करणारा भाग आंतच असतो. खरेदीपूर्वीं तें विचारून घ्यावें. आमच्या लहानपणीं रेडिओचा परवाना पोस्टांत दरवर्षीं नवा करावा लागे. तें शुल्क बंद होऊन चाळीसएक वर्षें झालीं, परंतु त्या आठवणीमुळें वडील मंडळींस ‘नूतनीकरण’ हा शब्द अजून खरा वाटतो.

आतां तबकडी बसविण्याविषयीं. जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असून पृथ्वीबरोबरच फिरत असल्यानें आपणांस स्थिर भासतो. महाराष्ट्रांतून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारें साठ अंश वर आहे. मात्र घरगुती तबकडीची घडण अशी असते कीं ती साठ अंशांकडे वळलेली दिसत नाहीं, बरीच उभी दिसते. म्हणून नुसत्या डोळ्यांच्या अंदाजानें ती आकाशाकडे वळवूं नये. खांब ओळंब्यांत असावा. तो तिरपा असल्यास पुढची सारी मेहनत वायां जाते. पडद्यावर दोन पट्ट्या येतात. पहिली, जोराची, तार जोडतांच वाढते. तिच्यावर विसंबूं नये. दुसरी, गुणवत्तेची, वाढेपर्यंत तबकडी केसभर केसभर सरकवावी व नंतरच नट आवळावे.

झाड आड येतें कीं नाहीं, हें पाहण्याची एक सोपी युक्ति आहे. मार्चच्या मध्यास व ऑक्टोबरच्या आरंभीं, सकाळीं अकराच्या सुमारास सूर्य बरोबर ह्या उपग्रहाच्या मागें येतो. त्या वेळीं ज्या जागीं निर्वेध ऊन पडतें, ती जागा तबकडीस योग्य. मात्र आंबा दरसाल वाढतो, हें ध्यानांत ठेवावें.

त्याच दिवसांत सूर्याच्या झोतामुळें कांहीं मिनिटें चित्र जातें व आपोआप परत येतें. मुसळधार पावसांतहि तसेंच होतें, कारण हे तरंग पाण्याच्या थेंबांत शोषले जातात. पाऊस ओसरल्यावरहि चित्र न आल्यास नट, तार व तारेचीं टोकें पाहावींत. ह्याखेरीज लिलावामुळें वाहिन्या येतात आणि जातात. मार्च २०१९ मध्यें करमणुकीच्या कांहीं मोठ्या हिंदी वाहिन्या निघून गेल्या, २०२० मध्यें परतल्या व एप्रिल २०२२ पासून पुन्हां गेल्या. अशा वेळीं सेट टॉप बॉक्सच्या यादींतून वाहिन्या नव्यानें शोधावयास लावाव्या. जी गेली असेल ती सापडणार नाहीं, नवी आलेली मात्र सांपडेल. ह्या सर्व कारणांत पैसे भरून दूर होणारें एकहि नाहीं. दुकानदार घरीं येऊन दुरुस्ती करील तर त्याची मजुरी अवश्य द्यावी. परंतु पावतीवर ‘मजुरी’ असेंच लिहवून घ्यावें.

शेजाऱ्यांच्या छपरावर मी स्वतः चढलों. एलएनबीशीं जोडलेलें तारेचें टोंक पाण्यानें हिरवें पडलें होतें व तबकडीचा एक नट हातानेंच फिरत होता. टोंक कापून नवें बसविलें, नट आवळला, वाहिन्या पुन्हां शोधविल्या. सह्याद्री आली, २०१५ साली सुरू झालेली डीडी किसानहि आली. दोन वाहिन्या मात्र आल्या नाहींत, कारण त्या ह्या सेवेंत उरल्याच नव्हत्या. नंतर आम्ही दोघे तो कागद घेऊन दुकानांत गेलों. “हें अक्षर माझें नव्हे,” असें दुकानदार म्हणाला.