वालाच्या वेलास शेंगा कां धरत नाहींत?

परसांत वाल लाविला, मांडव हिरवागार झाला, परंतु भाद्रपद उलटला तरी फुलाचें नांव नाहीं, अशी तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. कित्येक घरीं तर वेल वांझ ठरवून उपटून टाकतात. ही घाई होय.

वालाच्या जुन्या जाती दिवस लहान झाल्यावांचून फुलत नाहींत. आपल्याकडे जूनमध्यें दिवस तेरा तासांहून थोडा मोठा, तर डिसेंबरांत सुमारें अकरा तासांचा असतो. वेल जणूं रात्रीची लांबी मोजीत असतो! हा निसर्गनियम गार्नर व अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केला. त्यांनीं सोयाबीन निरनिराळ्या तारखांस पेरलें, तरी फुलें जवळजवळ एकाच सुमारास आलीं. तद्वत् ज्येष्ठांत पेरलेला वालही कार्तिकाची वाट पाहतो. ओसरीवरील विजेच्या दिव्याचा उजेड रात्रभर मांडवावर पडत असेल, तर फुलणें आणखीच लांबतें. अशा वेळीं दिवा मालवावा. वेलावर रागावूं नये.

फुलें येऊन गळत असतील, तर कारण निराळें. वालाच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र त्यास पुरवितात. त्यावर आणखी युरिया घातल्यास पानेंच माजतात. फुलोऱ्यावर मावा दिसल्यास साबणाचें सौम्य पाणी शिंपडावें, व त्या दिवसांत माती कोरडी पडूं देऊं नये.

हल्लीं दिवसमानाची पर्वा न करणाऱ्या ठेंगण्या जातीही मिळतात. बीं घेतांना दुकानदारास तेवढें विचारून घ्यावें.