वर्गणी भरण्याआधी दप्तर शोधा

2023च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरे उघडली. पणजोबांचे नाव कुठल्या कागदावर सापडेल, हा प्रश्न धाराशिव जिल्ह्यातल्या घराघरांत आला. अशा वेळी अॅन्सेस्ट्री, मायहेरिटेज, फाइंडमायपास्ट या वर्गणीच्या संकेतस्थळांकडे लक्ष जाणे साहजिक आहे. पण ती पूर्वज शोधतात कशी, हे आधी समजून घेतले तर पैसे वाचतील.

या संकेतस्थळांचा मोठा आधार म्हणजे जनगणना. घरोघरच्या नावानिशी याद्या ब्रिटनमध्ये 100 वर्षांनी आणि अमेरिकेत 72 वर्षांनी खुल्या होतात. इंग्लंड-वेल्सची 1921ची जनगणना जानेवारी 2022मध्ये फाइंडमायपास्टवर आली. नाव, वय, जन्मगाव, धंदा असे सगळे कुटुंब एका पानावर मिळते. दर दहा वर्षांची पाने जोडत गेले की पिढ्या आपोआप लागतात. आपल्याकडे 1948च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तीची नोंद कुणालाही पाहता येत नाही. मराठवाडा ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानात 1881ला जनगणना झाली. तिच्या छापील तक्त्यांत माणसे मोजलेली आहेत, त्यांची नावे नाहीत.

फाइंडमायपास्टवर भारताच्या नोंदी आहेत, पण त्या मुख्यतः ब्रिटिश सरकारच्या इंडिया ऑफिसच्या दप्तरातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या. 1853 ते 1860 या काळात नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे होता आणि सुरुवातीला मेडोज टेलर तिथला कारभार पाहत होता. अशा गोऱ्या अधिकाऱ्याचे गणगोत या संकेतस्थळावर शोधता येईल. त्याच्या कचेरीतल्या कारकुनाचे किंवा किल्ल्याखालच्या शेतकऱ्याचे मात्र सहसा नाही.

दुसरी अडचण नावाची. एकच नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहिले तरी सापडावे म्हणून रॉबर्ट रसेल याने 1918मध्ये एका पद्धतीचे पेटंट घेतले. त्यातूनच साउंडेक्स घडली. नावाचे पहिले रोमन अक्षर तसेच ठेवायचे, पुढचे स्वर गाळायचे आणि जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. या हिशेबाने ‘वाघमारे’ डब्ल्यूने लिहिले तर डब्ल्यू-256 आणि व्हीने लिहिले तर व्ही-256 होते. म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ यंत्राला परके वाटतात. उलट ‘माने’ आणि ‘मोहन’ दोघेही एम-500! आजची संकेतस्थळे याच्या पुढे गेली आहेत, तरी त्यांचा शोध मुळात रोमन लिपीवर आणि आडनावावर बेतलेला आहे.

निजामकालीन कागद निराळाच असतो. त्यात ‘रामा वल्द गोविंदा’, म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा, असे लिहिलेले असते आणि आडनाव अनेकदा नसतेच. साल फसली असते. 1340 फसली म्हणजे 1930-31. इसवी सन काढायला 590 मिळवायचे असतात, हे शोधखिडकीला कोण सांगणार? लिपी उर्दू किंवा मोडी. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडीच्या 2 हजारांहून अधिक प्रतिमांचा संच करून देवनागरीत लिप्यंतर करणारे प्रारूप 2025मध्ये मांडले आहे. पण तहसीलच्या रेकॉर्ड रूममधले पिवळे पान वाचायला आजही जाणकार माणूसच लागतो.

डीएनए चाचणीचेही गणित समजून घ्यावे. वारसा दर पिढीला निम्मा होतो. पणजोबांकडून सरासरी 12.5 टक्के, त्यांच्या वडिलांकडून 6.25 टक्के. त्यातही दूरचा भाऊबंद जुळायचा, तर त्यानेही चाचणी करून त्याच साठ्यात माहिती दिलेली हवी. गावातल्या कुणीच ती केली नसेल, तर जुळणार कोण?

म्हणून आधी घराजवळचे पाहावे. 1954चे खासरा पत्रक, त्यानंतरची पहाणी पत्रके, फेरफार, शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर. तुळजापूरला आपल्या घराण्याचे पुजारी कोण, हेही विचारावे; यजमानांची नावे लिहिलेल्या वह्या काही घराण्यांत आहेत. फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ मोफत आहे. हरिद्वारसारख्या तीर्थांच्या उपाध्यायांच्या वह्यांची चित्रे त्यावर पाहता येतात.

नातलग इंग्लंड-अमेरिकेत गेलेले असतील किंवा घराणे ख्रिस्ती असेल, तर वर्गणीचा उपयोग होऊ शकतो. तरीही आधी त्या संकेतस्थळाची सूची उघडून आपला प्रदेश आणि साल तिच्यात आहे का, ते तपासावे. शक्य असेल तिथे एकाच महिन्याची वर्गणी घ्यावी, आपोआप होणारे नूतनीकरण बंद करावे, हयात माणसांची माहिती खासगी ठेवावी आणि तयार झालेली वंशावळ जेडकॉम या वंशावळींच्या प्रमाणित फाइलमध्ये उतरवून घ्यावी. बाकीच्या घरांनी पहिला पैसा नकलेच्या फीवर आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्याच्या मानधनावर खर्च करावा. त्यातून गाव, साल आणि तीन पिढ्यांची नावे हाती आली, तरच शोधखिडकीत टाकायला काही असेल.