मुळेचे पाणी, कुंडलिकेचा खळाळ

रायगड जिल्ह्यात कोलाडच्या वरच्या अंगाला कुंडलिका नदीत रबरी तराफ्यांतून वल्हवत जाण्याचा खेळ आता चांगलाच रुळला आहे. या खळाळाचे सारे श्रेय सह्याद्रीला देण्याची पद्धत आहे. मला ते अर्धेच पटते. खडक आणि उतार सह्याद्रीचे आहेत, पाणी मात्र बरेचसे घाटापलीकडच्या मुळेचे आहे.

कोकणातल्या आखूड नद्यांचा स्वभाव आपल्याला ठाऊक असतो. आषाढात त्या अंगावर येतात आणि फाल्गुनापर्यंत डोह तेवढे उरतात. कुंडलिका मात्र वैशाखातही तराफा उचलते. याचे कारण मुळशीला आहे. मुळा ही मुळात पूर्वेची नदी. पुण्यात मुठेला भेटून पुढे भीमा आणि कृष्णेवाटे ती बंगालच्या उपसागराला जाते. टाटांनी मुळशीला धरण बांधून तिचे पाणी उलटे, पश्चिमेला वळवले. बोगद्यातून आणि पोलादी नळांतून ते सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात कोसळते. हे वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. चक्रे फिरवून झाली की पाणी कुंडलिकेत येते आणि रेवदंड्याला अरबी समुद्रास मिळते. मधे रवाळजे येथे ते पुन्हा अडवून ८० मेगावॅटचे आणखी एक वीजगृह चालवले जाते.

या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे त्यांचे सहकारी. लढा हरला, मावळातली भातखाचरे बुडाली. तराफ्यात बसण्याआधी शिरस्त्राण कसे बांधावे हे सांगतात. हे पाणी कुठून आले, तेही दोन वाक्यांत सांगायला हरकत नसावी.

वीजगृहातून पाणी सुटते साधारणपणे सकाळी, म्हणून तराफेही सकाळीच निघतात. पाणी सोडण्याआधी पात्रात उघडे पडलेले गोटे दिसतात. मग पातळी चढते आणि त्याच गोट्यांवरून लाटा उठू लागतात. समुद्राची लाट पुढे सरकते, नदीतली लाट एका जागी उभी राहते आणि पाणी तिच्यातून निघून जाते. पाणी वाचायचे ते यावरून. दोन खडकांमधून काळसर, गुळगुळीत जिभेसारखा ओघ खाली निमुळता होत गेला, तर वाट तिथे आहे. उलट टोक आपल्याकडे रोखलेले दिसले, तर त्या टोकाशी पाण्याखाली खडक आहे. खडकाच्या पाठीमागे पाणी उलटे फिरते आणि तिथे दमलेला तराफा विसावू शकतो. वल्ह्याचे काम वेग वाढवणे एवढेच नाही. ओघाच्याच वेगाने वाहणारा तराफा ओघाच्या मर्जीवर असतो. त्याला वळवायचे तर ओघापेक्षा जलद किंवा संथ जावे लागते. पाण्यात पडलेल्याने उताणे व्हावे, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला ठेवावेत. उभे राहायला गेले की पाऊल दगडांत अडकते, आणि मागचा ओघ माणसाला पालथा पाडतो.

खळाळाहून मला बंधाऱ्याची भीती अधिक वाटते. कोलाडजवळ डोलवहाळचा बंधारा आहे. असल्या बुटक्या भिंतीवरून पाणी सरळ पडते आणि पायथ्याशी काठापासून काठापर्यंत गोल फिरत राहते. त्यात सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढली जाते. वरून पाहणाऱ्याला फक्त एक सपाट रेघ दिसते. बंधाऱ्याच्या बरेच अलीकडे काठ गाठायचा, हा नियम म्हणूनच कडक आहे.

आता भीमा खोऱ्यातून मागणी होते, की टाटांच्या धरणांचे पाणी पूर्वेलाच सोडा. वीज दुसरीकडून आणता येईल, पाणी येणार नाही, हा त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. पण शंभर वर्षांत कुंडलिकेच्या काठानेही या पाण्यावर संसार मांडला आहे. डोलवहाळच्या कालव्यांवर उन्हाळी भात पिकते, धाटावची औद्योगिक वसाहत उभी आहे, आणि वरच्या गावांतली पोरे तराफे हाकून घर चालवतात. पाणी वळलेच, तर खळाळ पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडेल. कालव्याखालच्या भाताचे काय करायचे, हे त्याआधी ठरावे लागेल, आणि त्या बैठकीला सोलापूरइतकेच रोह्याचे शेतकरीही लागतील.